एक कार्ड, तीनशे चाळीस गिऱ्हाइकं

मी बत्तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात होतो आणि या बत्तीस वर्षांत एकही वस्तू छापील भावाने घेतली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, बढाई म्हणूनच सांगतोय, पण खरं आहे. बेअरिंग असो, गॅस्केट असो, नाहीतर मोठ्या साहेबांच्या केबिनचा पडदा असो, तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, त्यांचा तक्ता करायचा, आणि सगळ्यात कमी भाववाल्याला समोर बसवून विचारायचं, "आता बोला, अजून किती कमी करताय?"

घरातही हाच नियम. लग्न ठरलं तेव्हा मी बायकोला मोठ्या प्रामाणिकपणे सांगितलं होतं की मी तीन मुली बघितल्या, त्यात तू तिसरी. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यात स्वस्त मीच निघाले."

अशी होती ती. मागच्या वर्षी गेली. त्यावर मी फार लिहिणार नाही, कारण मला तसं लिहिता येत नाही. ती घरी शिवणकाम करायची. आता शिवणयंत्र खिडकीपाशी तसंच आहे आणि मी दुपारी त्याच्या शेजारी बसून पेपर वाचतो. एवढंच.

आमची मुलगी महिनाभरासाठी म्हणून आली आणि राहिली. तिचं ऑफिस बारा तासांच्या प्रवासावरच्या मोठ्या शहरात आहे. अजून बांधल्याच नाहीत अशा इमारतींचे चित्रपट ती संगणकावर बनवते. कागदावर नुसत्या रेघा असतात, आणि ही माणसाला त्या इमारतीच्या जिन्यावरून वर नेते, खिडकीतून ऊन दाखवते. सध्या तिच्याकडे लहान मुलांच्या नऊ मजली हॉस्पिटलचं आठ महिन्यांचं काम होतं. "हे काम संपेपर्यंत मी घरूनच करते, बाबा," ती म्हणाली होती. मी म्हणालो होतो, "तुझ्या सोयीने बघ." आतून मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. घरात दोन कपांचा चहा व्हायला लागला होता. एक कप चहा करून बघा, म्हणजे कळेल.

आणि मग मी तिचा संगणक जाळला.

मुद्दाम नाही जाळला. तिचं यंत्र रात्रंदिवस घरघरत चालायचं, कारण चित्रपटाचं एक मिनिट तयार व्हायला त्याला दोन दिवस लागत. एका शनिवारी ती बाहेर गेली असताना मी बघितलं, यंत्रावर धूळ बसत होती. शिवणयंत्रावर घालायला बायकोने रजईच्या कापडाचं जाड आवरण शिवलं होतं. मी ते काढलं, संगणकावर घातलं. असं फिट बसलं म्हणता! खालची नाडीसुद्धा बांधली. दोन तासांनी इस्त्री कापडावर विसरल्यासारखा वास आला.

मुलगी आली, नाडी सोडली, आत बघितलं आणि खाली बसली.

"बाबा, याच्या आत चित्रं काढणारं कार्ड असतं. ते गेलं."

"कार्डच ना? नवीन आणू. कुठे मिळतं?"

"कुठेच नाही."

तिने मला समजावलं ते असं. जुन्या जातीची कार्डं बनवणं कंपनीने बंद केलं आहे. नवी जात गेल्याच आठवड्यात बाजारात आली. छापील किंमत चौसष्ट हजार. पण कंपनी प्रत्येक विभागाला मोजून कार्डं देते. मोठ्या शहराच्या विभागाला शेकड्यांनी, आणि आपल्या विभागाला, म्हणजे आपलं गाव आणि आजूबाजूची चार गावं मिळून, अकरा.

"अकरा हजार?"

"अकरा, बाबा. दहा आणि एक."

तिच्या साहेबांचा लगेच फोन आला. ऑफिसात एक संगणक मोकळा आहे, पुढच्या सोमवारी इथे येऊन बस, काम थांबवता येणार नाही. ती "हो" म्हणाली आणि माझ्याकडे न बघता रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं.

मी म्हणालो, "तिकीट रद्द करायला किती दिवस आधी कळवावं लागतं? आठ दिवसांत मी तुला कार्ड आणून देतो. छापील भावापेक्षा कमी किमतीत."

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली. त्या हसण्यामुळे मी जरा जास्तच चढलो, हे कबूल करतो.

सोमवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून संगणकाच्या दुकानांच्या गल्लीत गेलो. ओळीने नऊ दुकानं. बाहेर काळे खोके, आत रंगीत दिवे. पहिला दुकानदार जाड चष्म्याचा, शांत माणूस. मी त्याला माझं चौकशीपत्र दिलं, दोन प्रतींत. त्याने ते औषधाच्या चिठ्ठीसारखं दूर धरून वाचलं.

"काका, हे काय?"

"भाव मागितलाय. खाली सही करून एक प्रत मला परत द्या."

"भाव तोंडी सांगतो की. एक कार्ड आहे माझ्याकडे. पण ते सुटं देत नाही. सोबत खुर्ची घ्यावी लागेल."

"कसली खुर्ची?"

त्याने कोपऱ्यात बोट दाखवलं. रेसच्या गाडीतून उपटून आणल्यासारखी लाल-काळी खुर्ची होती. मानेला उशी, कमरेला उशी, आणि अंगभर पट्टे.

"दोन्ही मिळून चौऱ्याहत्तर हजार. खुर्ची गेली दोन वर्षं इथे बसून आहे. कार्ड तिला घेऊन जाईल."

आता, बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी अशा माणसांना कोळून प्यालो होतो. नको असलेला माल हव्या असलेल्या मालाच्या गळ्यात बांधायचा! मी म्हणालो, "तुमचा भाव नोंदवून घेतला. उरलेले दोन भाव आले की कळवतो."

"काका, उद्या नसेल."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

उरलेल्या आठ दुकानांत कार्ड नव्हतं. निदान तसं ते म्हणाले. सगळ्यांनी नाव लिहून ठेवायला सांगितलं. मी सांगितलं, तीन भाव हातात आल्याशिवाय मी नाव देत नाही.

घरी मुलीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, घ्यायची होती हो ती खुर्ची."

"दहा हजारांची खुर्ची? आपल्याला?"

"बसली असती मी तिच्यावर. रडत रडत का होईना, पण बसली असती."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याकडे गेलो तर कार्ड नव्हतं. खुर्ची होती. मला वाटलं, ती माझ्याकडे बघतेय.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक कुठे झाली. खरेदीचा पहिला धडा असा की आपल्याला वस्तूची किती गरज आहे हे विकणाऱ्याला कळता कामा नये. आणि माझ्या चेहऱ्यावर तर सगळं लिहिलं होतं. दुसरी माणसं पाठवायला हवी होती, अनोळखी, निवांत. अशी माणसं माझ्याकडे होती. सहा.

मैदानाच्या कडेला एक लांब बाकडं आहे. रोज सकाळी फिरून झालं की आम्ही सात निवृत्त माणसं तिथे बसतो. त्यात एक बँकेचा कॅशियर, एक मुख्याध्यापिका होत्या त्या मोठ्या बाई, एक ट्रकचा ड्रायव्हर, आणि बाकीचे तिघं फारसं बोलत नाहीत. बायको हॉस्पिटलात होती तेव्हा या सहा जणांनी पाळ्या लावल्या होत्या. कॅशियरने त्यांचा तक्ता करून माझ्या खिशात ठेवला होता. सव्वीस दिवस एकाही पाळीला कुणी चुकलं नाही. बाकड्यावरच्या प्रत्येकाची पँट, झंपर, पिशवी बायकोने कधी ना कधी आखूड, सैल किंवा नीट करून दिली होती, आणि पैशांचं विचारलं की "पुढच्या वेळी" म्हणायची. 

मी बाकड्यावर सगळं सांगितलं. मुलगी रविवारी जाणार, हेही.

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "कुठे जायचं आणि काय विचारायचं, तेवढं सांगा."

"प्रत्येकाने नऊही दुकानांत जायचं. आपण एकमेकांना ओळखत नाही. भाव विचारायचा, घाई दाखवायची नाही."

"आणि काय कामासाठी हवं म्हणून विचारलं तर?" ड्रायव्हरने विचारलं.

"घरच्या कामासाठी म्हणा."

ही सूचना मी जरा सविस्तर द्यायला हवी होती. त्या दुपारी कॅशियरला दुकानदाराने विचारलं, कार्ड कुठे बसवणार? तो म्हणाला, स्वयंपाकघरात. किती मोठं हवं? तो म्हणाला, दारातून आत जाईल एवढं. ड्रायव्हरने विचारलं की एका लिटरला किती चालतं. पण ही माणसं चिकाटीची. उन्हातान्हात नऊ दुकानं फिरली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरली, कारण आठवण करून दिल्याशिवाय कामं होत नाहीत हे त्यांना मीच सांगितलं होतं.

बुधवारी भाव एकाहत्तर झाला. खुर्चीशिवाय.

मी तक्ता काढला. नऊ दुकानं, नऊ रकाने. काहीतरी बिनसत होतं. एवढी चौकशी केल्यावर भाव खाली यायला हवा, तो वर चालला होता. मी बाकड्यावर म्हणालो, "आपण कमी पडतोय. चौकशी वाढवायला हवी."

मोठ्या बाईंनी चष्मा नीट केला. "माझे जुने विद्यार्थी आहेत."

"किती?"

"चौतीस वर्षं शिकवलं मी," त्या म्हणाल्या आणि फोन काढला.

बाईंनी एकदा सांगितलं की सांगितलं. पन्नाशीला आलेले लोक आजही त्यांचा फोन उभं राहून घेतात. संध्याकाळपर्यंत चारही गावांतल्या दुकानांत फोन खणखणायला लागले. कॅशियरने आपल्या दोन्ही व्याह्यांना कामाला लावलं. ड्रायव्हरने ट्रकवाल्यांना सांगितलं, जाता-येता विचारत चला. जो तो मला रस्त्यात थांबवून म्हणायचा, "विचारलं बरं का आम्ही. आणि नावही लिहून आलो, न विसरता." मला भरून यायचं. मी म्हणायचो, "उपकार आहेत."

गुरुवारी त्र्याऐंशी. शुक्रवारी सत्याण्णव.

घरात मुलगी बॅग भरायला लागली. ती कपडे घड्या घालून ठेवायची, आणि मी टेबलावर तक्ता पसरून बसायचो. शुक्रवारी दुपारी मी तिला माझा निष्कर्ष सांगितला.

"यामागे कुणीतरी बडी पार्टी आहे."

"कसली पार्टी?"

"साठेबाज. कुणीतरी एक माणूस आपली माणसं पेरून सगळीकडून कार्डं गोळा करतोय. नाहीतर चार दिवसांत भाव असा चढत नाही. मी बत्तीस वर्षं हेच बघितलंय."

"राहू दे ना बाबा. मी जाते. सुट्टीत येईन."

"सुट्टीत" हा शब्द मला आवडला नाही. मी म्हणालो, "रविवारपर्यंत वेळ आहे. मी त्या माणसाला शोधून काढतो."

शनिवारी सकाळी मी तक्ता घेऊन वितरकाच्या गोदामात गेलो. आमच्या पूर्ण विभागाला कार्डं तिथूनच मिळतात. मला वाटलं होतं, कुणी पोट सुटलेला शेठ असेल. तर चाळिशीची एक बाई होती, केसात पेन खोचलेलं, तीन फोन पुढ्यात. खोक्यांच्या भिंतीआड एक लहान टेबल.

"बसा काका. कार्ड हवंय का? नाही म्हणायला फार वाईट वाटतं मला, म्हणून आधीच सांगते, नाही."

"मी तक्रार द्यायला आलोय," मी म्हणालो. "तुमच्या विभागात साठेबाजी चालू आहे."

ती पुढे सरकली. "तुम्हालाही तसंच वाटतं?"

"पुरावा आहे." मी तक्ता उलगडला. तिने तो नीट बघितला, प्रत्येक रकान्यावरून बोट फिरवलं.

"काका, इतका स्वच्छ तक्ता आमच्या ऑफिसात कुणी करत नाही."

"सवय आहे," मी म्हणालो. मान ताठ झाली होती.

"मलाही कळेना, अचानक काय झालं," ती सांगायला लागली. "सोमवारपर्यंत साऱ्या विभागातून जेमतेम वीस लोक विचारत होते. बुधवारपासून दुकानदार नुसते ओरडतायत. ज्यांच्याकडे आधीचं एखादं कार्ड होतं त्यांनी आत दडवलं, भाव चढतोय म्हणून. प्रत्येकाने मला याद्या पाठवल्या. तीनशे चाळीस गिऱ्हाइकं. आता, दोघांनी विचारलं तर दुकानदार पाच सांगतो, तो भाग सोडा. तरीपण."

"नावं बघू?"

तिने यादी माझ्याकडे फिरवली. पहिलं नाव कॅशियरचं होतं.

दुसरं मोठ्या बाईंचं. तिसरं ड्रायव्हरचं. मग पुन्हा कॅशियर, दुसऱ्या दुकानातून. मग व्याही. मग दुसरे व्याही. मी पान उलटलं. मोठ्या बाईंची दहावीची एक अख्खी तुकडी तिथे होती, जवळजवळ हजेरीपटाच्या क्रमाने. कॅशियरच्या एका नोंदीपुढे दुकानदाराने कंसात लिहिलं होतं, "स्वयंपाकघरासाठी, फार घाई".

मी यादी मिटून टेबलावर ठेवली.

"काय झालं काका?"

"सापडला," मी म्हणालो.

"कोण?"

"साठेबाज."

मी तिला सगळं सांगितलं. आवरण, नाडी, तिकीट, तीन भावांचा नियम, बाकडं. ती ऐकत होती. मध्ये एक फोन वाजला तो तिने न बघताच बंद केला. माझं बोलणं संपल्यावर तिने यादी आपल्याकडे ओढून घेतली. मग शांतपणे म्हणाली, "काका, मी कंपनीला लिहिलं. आमच्याकडे तीनशे चाळीस गिऱ्हाइकं खोळंबलीत म्हणून. दोन दिवस फोनवर भांडले. आणि त्यांनी मोठ्या शहराच्या वाट्यातली एकशे वीस कार्डं आमच्याकडे वळवली. ट्रक निघालाय. उद्या सकाळी पोचेल."

"एकशे वीस," मी म्हणालो.

"मागणी खोटी निघाली तर पुढच्या वेळी आमच्या विभागाला शून्य. तसं लिहून घेतलंय माझ्याकडून."

मी बत्तीस वर्षांत अनेक पुरवठादारांना घाम फोडला, पण इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "माझी चूक आहे. मी निस्तरतो. कसं ते आत्ता माहीत नाही."

"बसा हो. आणि मला एक सांगा. तीनशे चाळीस नावांत तुमचं नाव कुठे आहे? मला दिसत नाहीये."

"नाही," मी म्हणालो. "मी दिलंच नाही. तिसरा भाव यायचा होता."

तिने केसातलं पेन काढलं, टेबलावर ठेवलं, आणि हसायला लागली. इतकी हसली की खोक्यांमागून दोन हमाल बघायला आले. मग डोळे पुसून तिने यादीच्या सगळ्यात वर, कॅशियरच्याही वर, माझं नाव लिहिलं. "उद्या दहा वाजता या. पहिलं कार्ड तुमचं. छापील किमतीत, एक पैसाही कमी नाही."

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव केला नाही.

रविवारी सकाळी, ट्रक यायच्या आधी, मी मुलीला सगळं खरं सांगितलं. ती बॅगेवर बसली होती, कारण बॅग बंद होत नव्हती. मी बोलत असतानाच तिच्या साहेबांचा फोन आला. तिने आवाज मोठा केला.

"अगं, येतेस ते ठीक आहे," साहेब सांगत होते, "पण इथे आता भलताच घोळ झालाय. आपण पंधरा नवी कार्डं सांगून ठेवली होती. आज कळलं, मिळणार नाहीत. आपल्या वाट्याची सगळी तुमच्या विभागाकडे वळवलीत म्हणे. तिकडे कुणीतरी जबरदस्त गिऱ्हाईक उपटलंय. तुला काही माहीत आहे का?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"सर," ती म्हणाली, "मी त्यांना ओळखते. पंधरा कार्डं तुम्हाला इथून मिळाली तर चालतील?"

"चालतील? पळतील! आणि आपल्याच नाही, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसलाही हवीत, समोरच्या कॉलेजलाही हवीत. भाव काय?"

तिने फोनवर हात ठेवला. "बाबा, भाव काय?"

"छापील," मी म्हणालो. "एक पैसाही कमी नाही. आणि सांग, उद्या नसतील."

त्यानंतरचे दहा दिवस मी नोकरीत असताना केलं नव्हतं इतकं काम केलं. वितरक बाईंच्या टेबलाशेजारी मला एक स्टूल मिळालं. मी आयुष्यभर विकत घेत आलो होतो, आता विकत होतो. गिऱ्हाईक तीन भाव मागायचं आणि मला त्याच्या पोटातलं सगळं दिसायचं. साहेबांचं ऑफिस, वरचा मजला, कॉलेज, त्या कॉलेजच्या ओळखीचं दुसरं कॉलेज, असं करत शंभरावर कार्डं गेली. मोठ्या बाईंनी ज्यांना ज्यांना फोन केले होते त्या सगळ्यांना पुन्हा फोन करून नाव मागे घ्यायला लावलं. त्यात सात जण असे निघाले की ते म्हणाले, "नाही बाई, तुमच्यामुळे दुकानात गेलो, बघितलं, आता आम्हाला खरंच हवंय." गल्लीतला भाव चौसष्टवर येऊन बसला. दडवलेली कार्डं हळूच काचेच्या कपाटात आली. चष्मेवाला पहिले दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून ती खुर्ची घेतली. आठ हजारांत. दहा सांगत होता. त्याच्याशी भाव न करण्याचं मी कुणालाही वचन दिलेलं नव्हतं.

बाकड्यावर मी सगळ्यांची माफी मागितली. कॅशियर म्हणाला, "माफी कसली. चार दिवस घरातल्यांना सांगता आलं की मी कामात आहे." ड्रायव्हरला त्या खुर्चीत एकदा बसायचं होतं, तो घरी येऊन बसून गेला. दोन तास. मुलीने त्याला लहान मुलांचं हॉस्पिटल फिरवून आणलं, नऊही मजले. उतरताना म्हणाला, "जिना छान आहे, पण ट्रक लागायला मागे जागा ठेवा." तिने खरंच ठेवली. साहेबांना आवडलं.

मुलगी राहिली. तिकीट रद्द झालं. रोज सकाळी ती पट्टेवाल्या खुर्चीत बसून काम करायची आणि मी शेजारच्या खोलीत तिच्या यंत्राची घरघर ऐकत पेपर वाचायचो. नवं कार्ड फार कमी आवाज करायचं, एवढी एकच गोष्ट मला खटकत होती. यंत्र उघडंच ठेवत होतो, हे सांगायला नको.

कधीकधी मनात यायचं, हे सगळं बायकोला सांगायला हवं होतं. तीनशे चाळीस गिऱ्हाइकांचं ऐकून ती काय म्हणाली असती याचा विचार करत मी बसायचो, आणि दरवेळी ती काहीतरी वेगळंच म्हणायची. माणसं तिने जोडली होती, वापरली मी. हे मला त्या महिन्यांत कळलं. कुणाला उघड सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

अडीच महिने झाले आणि एका दुपारी मुलगी खोलीतून बाहेर आली. हात वर करून आळस दिला. म्हणाली, "बाबा, संपलं."

"चहा टाकू?"

"काम संपलं. हॉस्पिटल पूर्ण झालं. आत्ताच पाठवलं."

"पण ते आठ महिन्यांचं होतं ना?"

"जुन्या कार्डावर. त्याला एका मिनिटाला दोन दिवस लागायचे. हे तेवढंच काम जेवण होईपर्यंत करतं." ती फार आनंदात होती. "साहेब म्हणाले, एवढ्या वेगाने कुणीच दिलं नाही. आता तिथे चार माणसं माझ्या हाताखाली देतायत. पहिल्या तारखेपासून."

मी तिच्याकडे बघत राहिलो. बत्तीस वर्षं खरेदीत काढली. भाव बघितला, हमी बघितली, पोचवण्याची तारीख बघितली. ही वस्तू नेमकं काय करते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"याहून जरा सावकाश चालणारं मिळालं नसतं का?" मी विचारलं.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ती येऊन माझ्याजवळ बसली. मग मी उठून चहा टाकला.

पहिल्या तारखेला ती गेली. स्टेशनवर बाकड्यावरचे सहाही जण आले होते. तीन न बोलणारेसुद्धा, आणि त्यातल्या एकाने तर तिला "जपून जा" म्हटलं. ती चार माणसांवरची साहेब होऊन गेली याचा मला अभिमान आहे. बाकी जे आहे ते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात गेलो. काही काम नव्हतं. वितरक बाईंनी वर बघितलं.

"काय काका, कार्ड काही त्रास देतंय का?"

"तक्रार आहे. फार चांगलं चालतं."

तिने तक्रारींचं छापील पान काढलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि मान हलवली. "यात तसा रकाना नाही."

"मग काय लिहू?"

"काही लिहू नका," ती म्हणाली आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. "पुढच्या महिन्यात त्याहूनही जलद कार्ड येतंय. आपल्या विभागाला नऊच देतायत. बसा, चहा सांगते. कुणाकुणाला कळवायचं नाही, त्याची यादी करू."